मुक्काम तळ्याकाठी

पत्रावर पत्ता लिहिताना गावाच्या नावाआधी 'मु. पो.' लिहिण्याची आपली जुनी रीत आहे. मुक्काम आणि पोस्ट. पोस्टाचा अर्थ साऱ्यांना ठाऊक असतो. मुक्कामाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या घरात आपले आजे-पणजे जन्मले आणि जेथून त्यांना दफनभूमीत नेले, त्या घरालाही आपल्या भाषेने 'मुक्काम' हाच शब्द योजला आहे. वाटसरूने पाठीवरचे ओझे उतरवून काही काळ टेकावे, तेवढेच आपले या भूमीवरचे राहणे, असे कोणी तरी शहाण्याने आपल्या पत्त्यातच लिहून ठेवले आहे. आजकाल प्रवास पुष्कळांना घडतो. सहली निघतात, यात्रा होतात, परदेशगमनही आता नवलाचे राहिलेले नाही. मुक्काम मात्र क्वचित घडतो. गतवर्षीच्या नाताळानंतर तो आम्हांला घडला. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा या गावाजवळ, एका जलाशयाच्या काठी, तंबूत. त्याविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे मनात आहे.

पांढरकवडा हे तसे मुद्दाम थांबण्याचे गाव नव्हे. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. श्रीनगरहून निघून थेट कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ येथून जातो. जुनी माणसे त्याला अजूनही 'सात नंबरचा रोड' म्हणतात. नागपूरपासून दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटर आले की हे गाव लागते आणि पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणाची हद्द सुरू होते. रात्रंदिवस मालमोटारींची रांग चाललेली असते. त्यांतल्या फारच थोड्या गाड्यांना पांढरकवड्याशी कर्तव्य असते. चहा घ्यावा, टायरमधली हवा पाहावी आणि पुढे व्हावे, एवढाच या गावाचा आणि जगाचा संबंध.

आम्हीही तसेच पुढे जाणार होतो. आम्ही तिघे होतो. एक आमचे सेमिनरीतील सहाध्यायी, ज्यांची सारी हयात विदर्भातील धर्मग्रामांत गेली; दुसरे आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त एस. टी. चालक, ज्यांनी तीस वर्षे मुक्कामाची गाडी चालवून इतरांना घरी पोचवले आणि स्वतः मात्र रात्री गाडीतल्याच बाकावर काढल्या. आणि तिसरे प्रस्तुत लेखक. हैदराबाद येथे आमच्या एका वर्गबंधूंच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव होता. त्याला दहा-बारा दिवसांचा अवकाश होता. वाटेत एक रात्र पांढरकवड्यास काढावी आणि रमतगमत पुढे सरकावे, असा बेत होता. त्या एका रात्रीच्या नऊ रात्री झाल्या.

गावापासून काही अंतरावर खुनी नावाच्या नदीवर सायखेड्याचे धरण आहे. नाव ऐकून नवख्याला दचकायला होते. परंतु जानेवारीत ही नदी पाहावी, तर कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली, खडकांमधून गुपचूप वाट काढणारी गरीब बाई वाटते. ती पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहितेच्या रूपाने हे सारे पाणी गोदावरीला जाते. या जलाशयाच्या काठावर एका शेतकऱ्याच्या मुलाने मोहाच्या झाडांखाली चार तंबू ठोकले होते. टिपेश्वरच्या जंगलात वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी त्याने ही सोय केली होती. बाजेवर गादी, मातीचा माठ, कंदील, चुलीवरची भाकरी आणि पातळ वरण. तंबूसमोर पन्नास पावलांवर पाणी. पलीकडच्या तीराला सागाची निष्पर्ण होऊ लागलेली रांग. बस्स, एवढेच.

पहिल्या दिवशी तळे तेवढे दिसते. पहाटेचे धुके पाण्यावरून हळूहळू उठते. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. खुंटावर पाणकावळा पंख पसरून उभा असतो. दूर उथळ पाण्यात नारिंगी रंगाच्या चक्रवाकांची जोडी उतरलेली असते. हे पक्षी लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यापुरते आपल्याकडे मुक्कामाला येतात. त्यांच्याकडे पाहता पाहता दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढवण्याची वेळ आली, तेव्हा आमचे मित्र पाण्याकडे तोंड करून बसले होते. ते एवढेच म्हणाले, "आणखी एक दिवस राहू या का?" आमच्या चालकांनी काही न बोलता गाडीची किल्ली खिशात टाकली.

या मित्रांविषयी थोडे सांगावयास हवे. ऑक्टोबरात त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. वरिष्ठांनी त्यांना सक्तीची विश्रांती दिली होती. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर विश्रांती हा शब्द इतरांच्या अंत्यविधीतच उच्चारला, त्याला ती घ्यावी कशी, हे उमगत नव्हते. दवाखान्यातून आल्यावर ते पहाटे चार वाजता उठून बसत. कोणत्या वाडीवरचे कोण आजारी, कोणाच्या मुलीचे लग्न अडले, शाळेच्या पत्र्यांचे काय झाले, याची मनात उजळणी करीत. सेमिनरीत असताना रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत आम्हांला मौन पाळावे लागे. त्या मौनात आम्ही वाढलो. परंतु तोंड मिटणे निराळे आणि मन निवणे निराळे. संत मार्कने लिहिले आहे की, प्रेषित थकून परतले, जेवायलाही सवड उरली नाही, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले आणि ते मचव्यातून सरोवरापलीकडे गेले. आमचे मित्र या वचनावर उत्तम प्रवचन करीत. आता डॉक्टरांनी तेच वचन त्यांना औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिले होते.

तिसऱ्या रात्री आमची झोप मोडली. पत्र्याचा डबा कोणी तरी जोरजोराने बडवीत होते. मग एक लांब हाक. शब्द नसलेली, केवळ स्वर. थोडा वेळ शांतता, पुन्हा डबा. पहिल्या दोन रात्री हा आवाज झालाच असला पाहिजे. पण प्रवासाच्या थकव्याने तो कानी पडला नसावा. सकाळी तंबूवाल्या मुलाला विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "जागल हाय जी."

जागल म्हणजे पिकाची रात्रराखण. विदर्भात हा शब्द घरोघर आहे. सूर्य मावळला की रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरे जंगलातून शेतात उतरतात. पेरणीपासून काढणीपर्यंत शेतकरी रात्री वावरात काढतो. चार खांबांवर एक माळा, त्यावर कडबा, एक घोंगडी, एक बॅटरी आणि एक डबा. ज्या शांततेसाठी आम्ही मुक्काम वाढवला होता, तिच्या ऐन मध्यावर एक मनुष्य जागा बसला होता. त्या दिवशी सकाळी आम्ही काठाकाठाने चालत त्याच्याकडे गेलो.

ते सत्तरीचे गृहस्थ असावेत. डोक्याला मफलर, अंगात लष्करी रंगाचा जुना स्वेटर. पाण्याला लागून हरभऱ्याचा हिरवा पट्टा होता, त्याला नुकती जांभळी फुले आली होती. आमच्या मित्रांनी त्यांच्याच बोलीत रामराम केला, तसे ते मोकळे झाले.

"तुमी इतं थांबले काहून जी? सारे तं निंगून जातेत."

मित्र म्हणाले, "तब्येत बरी नाई बाबाजी. आराम कराले थांबलो."

त्यांनी मित्रांकडे निरखून पाहिले. "मंग बरं हाय. इतं आराम हाय," असे म्हणाले आणि आपल्या लाल डोळ्यांवरून हात फिरवला. त्या बोलण्यात उपरोध मुळीच नव्हता, म्हणूनच आम्हांला पुढे काय बोलावे, ते सुचेना.

मग शेताचा विषय निघाला. वाचकांना वाटेल, धरणाच्या पाण्यालगत शेत म्हणजे मोठेच भाग्य. वस्तुस्थिती अशी की, ते शेत धरणाच्या पोटातले आहे. पावसाळ्यात जलाशय भरतो, हिवाळ्यापासून पाणी उतरू लागते आणि तळाची गाळाची जमीन पट्ट्यापट्ट्याने उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खाते ती काही महिन्यांपुरती भाड्याने कसायला देते. नांगरटीचा खर्च फारसा नाही, पाणी द्यावे लागत नाही. जमिनीतल्या ओलीवरच हरभरा किंवा गहू येतो. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्याला हा मोठा आधार आहे.

"हे वावर माह्या बापाचं होतं," बाबाजी म्हणाले. "धरनात गेलं. आता पानी उतरलं का चार महिने माह्यं, चडलं का पान्याचं. भाडं भरतो अन् पेरतो."

आपल्या बापाच्या शेताचे भाडे भरून तो मनुष्य दरवर्षी ते परत मिळवतो आणि दरवर्षी पावसाळ्यात पुन्हा गमावतो. पाण्याखाली बांध कोठे होता, आंबा कोठे होता, विहीर कोठे होती, हे त्यांनी काठीने दाखवले. आम्हांला तेथे केवळ पाणी दिसत होते. त्यावर चक्रवाक पोहत होते. धरण वाईट, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. "पानी तं साऱ्याइलेच पायजे जी," असे मात्र म्हणाले. त्या पाण्यावर खालच्या अंगाची शेते भिजतात, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

त्यानंतर रोज सकाळी तिकडे जाणे झाले. बाबाजींच्या पत्नी रात्री हरभऱ्यावर पांढरे फडके पसरून ठेवीत आणि पहाटे दवाने भिजलेले ते फडके पिळून बाटलीत धरीत. हरभऱ्याच्या पानांवर आंबट रस असतो, तो दवात उतरतो. तीच हरभऱ्याची आंब. आमच्या चालकांचे पोट चुलीवरच्या तिखट रश्श्याने बिघडले होते. आजीबाईंनी त्यांना चमचाभर आंब पाण्यातून दिली आणि दिवसभर बाजेवरून उठू दिले नाही. चालक म्हणाले, तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या गावी मुक्काम केला, पण कोणी दटावून निजवले ते येथेच. काठाने कोलाम पोडावरच्या स्त्रिया बांबूचे भारे घेऊन जात. कोलाम ही महाराष्ट्रातील अतिमागास म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि त्यांची कोलामी बोली द्राविडी कुळातली आहे. आधी त्या आम्हांला पाहून वाट बदलत. सहाव्या दिवशी चहाला टेकल्या. थांबल्याशिवाय शेजार जडत नाही.

या प्रदेशात रात्री शेतात बसणे म्हणजे केवळ रोही हाकणे नव्हे. टिपेश्वरचे अभयारण्य येथून जवळच आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे ते जंगल आता वाघांना अपुरे पडू लागले आहे. २०१९ साली येथील एक तरुण वाघ आपल्यासाठी जागा शोधत निघाला. त्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी रेडिओपट्टा बांधला होता, म्हणून त्याची वाट जगाला कळली. शेते, नाले, महामार्ग ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो वर्षाअखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. इतक्या गावांच्या शिवारांतून तो गेला. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी, याच पांढरकवडा वनविभागात राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात 'अवनी' या वाघिणीला गोळी घालण्यात आली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. तिच्यावरून दूरच्या शहरांत पुष्कळ वादविवाद झाले. येथे लोकांनी त्या काळात सांजवेळेआधी शेतातून घर गाठले. बाबाजींना वाघाविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वाघ आपल्या रस्त्यानं जाते. त्याले बी मुक्काम पायजे. भेव वाघाचं हायच, पन रोही एका राती वावर साफ करते जी. झोप लागली तं वरीस गेलं."

रविवार आला, प्रभूच्या प्रकटीकरणाचा, तीन राजांचा सण. तंबूतल्या लाकडी मेजावर आम्ही पहाटे मिस्सा केला. आमचे चालक हसून म्हणाले, "फादर, राजे तीनच आहेत, पण भेट द्यायला जवळ काही नाही." घरोघरचे गव्हाणीचे देखावे अजून उतरले नव्हते. त्या पहाटेही पलीकडून डब्याचा आवाज येत होता. आणि लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांची गोष्ट आम्हांला प्रथमच नव्या शब्दात ऐकू आली. ते मेंढपाळ त्या रात्री काय करीत होते? जागल करीत होते! बेथलेहेमात धर्मशाळा भरल्या होत्या, प्रवासी निजले होते. देवदूत त्यांच्याकडे गेला नाही. तो रानात गेला, कळप राखत जागणाऱ्यांकडे. पंचवीस-तीस नाताळांत या प्रसंगावर आम्ही प्रवचने केली. परंतु त्या राखणीची थंडी, तीतले भय आणि डोळ्यांतली आग एका जागलकऱ्याच्या शेजारी राहिल्यावाचून कळली नसती.

आपण भेट काय द्यावी, याचे उत्तर आमच्या मित्रांनीच काढले. त्या संध्याकाळी ते बाबाजींना म्हणाले, "आज राती तुमी दोगंही घरी जाऊन झोपा. जागल आमी करतो." बाबाजी आधी ऐकेनात. पाहुण्याला कामाला लावणे त्यांच्या रीतीत बसेना. आजीबाईंनीच निकाल दिला, "बसू द्या जी त्याइले. देवाची मान्सं हायेत." त्यांनी आम्हांला डबा कसा वाजवावा, बॅटरी कोठे मारावी आणि माळ्यावरून एकट्याने का उतरू नये, हे बजावून सांगितले.

अकरापर्यंत मित्र माळ्यावर बसले. त्यापुढे त्यांच्या प्रकृतीस झेपणारे नव्हते. मग आम्ही आणि चालक. जानेवारीतली विदर्भातली थंडी हाडांत शिरते. तळ्यावरून वारा येत होता. रात्रीच्या त्या प्रहरी तळे मुळीच शांत नसते, हे तेथे बसल्यावर ध्यानी आले. मासा उसळतो, टिटवी उगाच ओरडत जाते, पाण्याच्या कडेचा चिखल चुळबुळतो. दोनच्या सुमारास बॅटरीच्या झोतात हिरवट डोळ्यांच्या सहा-सात जोड्या चमकल्या. आम्ही डबा बडवला. चालकांनी तीस वर्षांच्या सवयीने 'हॉर्न' म्हणून अशी आरोळी ठोकली की, रोह्यांचा कळप धाडधाड जंगलात पळाला. त्यानंतर पहाटेपर्यंत ते आले नाहीत; आणि आमच्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडताना बाबाजी आले. पिकावरून नजर फिरवून समाधानाने मान हलवली. झोप झाली का, असे आम्ही उत्सुकतेने विचारले. ते जरा ओशाळून म्हणाले, "निजलो होतो जी. पन दोन वाजता उटून बसलोच. सवय मोडत नाई." एका रात्रीच्या दानाने कोणाचे आयुष्य बदलत नाही. बाबाजी त्या रात्री पुन्हा माळ्यावर चढणार होते, त्याच्या पुढच्या रात्रीही, पीक घरी येईपर्यंत. आमच्या पुण्याईचा हिशेब तेथेच चुकता झाला, आणि ते बरेच झाले.

मित्र मात्र त्या सकाळी आठ वाजेपर्यंत निजले होते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच. उठल्यावर ते म्हणाले, "इतके दिवस वाटत होते की, आपण झोपलो तर धर्मग्रामाचे कसे होईल. काल अकरा वाजता माळ्यावरून उतरलो आणि पाहिले, दुसरे कोणी तरी जागे आहे." त्यांच्या विसाव्याची गाठ तेथे सुटली. विश्रांती म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. ती दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देता येणे होय. आणि ज्याला ती देता येईल असे कोणीच भेटत नाही, तो बाबाजींसारखा दोन वाजता उठून बसतो.

दहाव्या दिवशी आम्ही हैदराबादेस निघालो. रौप्यमहोत्सव थाटात झाला. आता त्या गोष्टीला वर्ष होत आले आहे. मित्र आपल्या धर्मग्रामात परतले असून दुपारी तासभर दार लावून घेतात, असे त्यांच्या स्वयंपाकीणबाई मोठ्या नवलाने सांगतात.

प्रिय वाचक, आपल्या वसईकडे तळी-विहिरींची वाण नव्हती. आपल्या पूर्वजांनी वाड्यावाड्यांतून बावखळे खणली, पावसाचे गोडे पाणी धरले, पहाटे उठून रहाट जुंपले. तीही एक जागलच होती. आज कित्येक बावखळे बुजवून त्यांवर इमारती उठल्या आहेत आणि वसई-विरारच्या नळांना सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. ते धामणीच्या धरणातले आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पट्ट्यातले. त्या पाण्याखालीही कोणाच्या तरी बापाची वावरे आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत. आपण नळ सोडतो, तेव्हा ते दिसत नाहीत; पहिल्या दिवशी तळ्याकडे पाहणाऱ्याला दिसत नाहीत, तसेच.

आम्ही कोणाला सहलीला जाऊ नका, असे म्हणणार नाही. अवश्य जावे, थकलेल्याने विसावा घेणे हा प्रभूचाच आदेश आहे. परंतु जेथे जाल, तेथे जमल्यास एक दिवस अधिक राहा. पाणी पाहून झाले की ते कोणाच्या शेतावर उभे आहे, हे विचारा. रात्री निवांत झोप लागली, तर त्या वेळी जवळपास कोण जागे होते, याची सकाळी चौकशी करा. आणि घरी परतल्यावर आपल्या अंगणातले बावखळ अजून शिल्लक असेल, तर या उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून घ्या. पाऊस येईपर्यंत चार महिने हाताशी आहेत.